कमावलेले कातडे

भुसावळाहून नागपूरच्या रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे चारएक कोसांवर वरणगाव लागते. काडतुसांचा सरकारी कारखाना तेथे १९६४ साली उभा राहिला, तेव्हापासून दूरच्या लोकांस गावाची ओळख त्या कारखान्यावरूनच पटते. आमचे तेथे जाणे मात्र कारखान्यासाठी नव्हे, तर एका आप्तांच्या मळ्यातील जुनी विहीर पाहण्यासाठी झाले. विहीर दगडी बांधणीची आहे. आज तिच्या तोंडाशी विजेचा पंप बसलेला आहे. परंतु काठावरचे दोन उभे दगडी खांब, त्यांच्यापासून उतरत गेलेली बैलांची धाव आणि पाणी पडून गुळगुळीत झालेले थारोळे अजून शाबूत आहेत. मळ्याचे वृद्ध धनी तरुणपणी स्वतः मोट हाकलत असत. त्यांच्यापाशी बसून आम्ही एकेका भागाचे नाव विचारीत व टिपून घेत होतो. त्यांचा पदवीधर नातू काही वेळ ऐकत उभा राहिला आणि मग हसून म्हणाला, "सर, मोट गेली, बैल गेले. आता ह्या चांभारचौकशा कशाला?"

तो शब्द त्याने कोणाचा उपमर्द करण्यासाठी वापरला नव्हता. घरीदारी ऐकलेला शब्द त्याच्या तोंडून सहज आला, इतकेच. नसती, निरर्थक विचारपूस असा त्याचा अर्थ कोशांतही दिला जातो. पण आम्ही ज्या वस्तूविषयी विचारीत होतो ती मोट शिवणारा मनुष्य चांभारच होता. आणि त्याने जर चौकशी केली नसती, म्हणजे कातडे कोठे जाड आहे, कोठे विरळ आहे, कोठे जनावराच्या अंगावरील जखमेचा वण आहे, हे बोटांनी चाचपून पाहिले नसते, तर त्या मोटेतून थेंबभर पाणी वर येते ना. वरणगावाहून परतल्यावर या एका शब्दाने आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. कातडे या वस्तूभोवती मराठीत जे शब्द जमले आहेत त्यांत आपल्या समाजाचा किती इतिहास साठला आहे, हे त्या निमित्ताने पाहू लागलो. त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम खुद्द नावांकडे पाहू. मराठीत या वस्तूस मुख्यतः दोन शब्द आहेत, चामडे आणि कातडे. चामडे हे संस्कृत 'चर्म' शब्दाचे वंशज, हे उघड आहे. कातडे मात्र 'कृत्ति' या शब्दापासून आले. कृत्ति म्हणजे अंगावरून कापून काढलेले कातडे. गजासुराचे कातडे पांघरणारा म्हणून शंकरास कृत्तिवास म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी 'कृत्' म्हणजे कापणे हा धातू आहे आणि शिंप्याची कातर, संस्कृत 'कर्तरी', हीही त्याच धातूची लेक. म्हणजे कातडे आणि कातर या एका घरच्या बहिणी होत. साप टाकतो ती कात याच कुळातली. विड्यातला कात मात्र 'क्वाथ' म्हणजे काढा या शब्दापासून आलेला असल्यामुळे त्याचा या कुळाशी संबंध नाही; तथापि खैराचा तो काढाही कातडे रंगविण्यास व मुरविण्यास वापरीत असत, तेव्हा शब्दांनी नसले तरी वस्तूंनी हे नाते जोडून घेतले म्हणावयाचे!

इंग्रजीचा अभ्यास केलेल्या मनुष्यास येथे एक अडचण जाणवते. त्या भाषेत जिवंत अंगावरच्या त्वचेला 'स्किन', सोललेल्या कच्च्या कातड्याला 'हाइड' आणि संस्कार केलेल्या टिकाऊ वस्तूला 'लेदर' असे तीन वेगळे शब्द आहेत. आमचे विद्यार्थी भाषांतर करू लागले म्हणजे तिन्ही ठिकाणी 'चामडे' लिहितात, आणि आम्ही लाल शाईने खूण केली तर "मग दुसरा शब्द सांगा" असे आम्हांसच विचारतात. वर्षानुवर्षे आम्ही ही मराठीची उणीव समजत होतो. आता तसे वाटत नाही. कच्चे कातडे व टिकाऊ कातडे यांतील भेद मराठीने नामाने दाखविला नाही हे खरे; तो तिने क्रियापदाने दाखविला. 'लेदर'ला मराठी प्रतिशब्द आहे, आणि तो म्हणजे 'कमावलेले कातडे'.

हे 'कमावणे' क्रियापद थोडे बारकाईने पाहण्याजोगे आहे. संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म', त्यातूनच आपले काम आणि कमावणे. पैसा कमावतात, नाव कमावतात, तालमीत जाऊन शरीर कमावतात आणि कातडेही कमावतात. कातड्याला हे क्रियापद लागले ते उगीच नव्हे. मेलेल्या जनावराचे कातडे उन्हाळ्यात एक दिवस तसेच पडले तर किडते, वाळवून ठेवले तर फळीसारखे ताठ होते. ते धुऊन चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस बुडवावे लागते. केस सुटू लागले म्हणजे वरची बाजू खरवडून काढावयाची, आतल्या अंगाला चिकटलेले मांस व चरबी तासून टाकावयाची, चुना निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावयाचे. मग बाभळीची किंवा तरवडाची साल आणि हिरडा कुटून केलेल्या पाण्यात ते मुरत घालावयाचे. दख्खनात ढोर मंडळींची एक जुनी रीत अशी की, अर्धवट मुरलेल्या कातड्याची पिशवी शिवून ती तिकाटण्याला टांगीत, तीत सालीचे पाणी भरीत आणि खाली झिरपलेले पाणी भांड्यात धरून पुन्हा वरून ओतीत. सालीतले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरते, म्हणून ते पुढे कुजत नाही, असे आता रसायनशास्त्र सांगते. हे शास्त्र छापले जाण्याच्या कितीतरी आधीपासून ही सारी कृती हातांना ठाऊक होती. दुर्गंधी, चुन्याने उललेले हात, महिना-महिनाभर पाण्यात उभे राहणे, एवढे सर्व त्या एका 'कमावणे'त आहे. वाचकांपैकी ज्यांनी तालमीत घाम गाळला असेल त्यांनी आपल्या शरीरास हेच विशेषण लावून घेताना ते कोणाकडून उसने आणले आहे याचा क्षणभर विचार करावा!

ज्याने कातडे कमावले त्याच्या वाट्याला मात्र या शब्दातील मान आला नाही. कातड्यांतही आपल्या परंपरेने जाती पाडल्या. काळविटाचे कातडे म्हणजे 'अजिन'. मुंजीत बटूच्या जानव्याला त्याचा तुकडा बांधतात आणि कोणाला विटाळ होत नाही. वाघाचे कातडे तर कातडेही नव्हे, ते 'व्याघ्रांबर' म्हणजे वस्त्रच. त्यावर बसून जप होतो. शतपथ ब्राह्मणात राजसूय यज्ञ करणाऱ्या राजाने डुकराच्या कातड्याचे जोडे घालावेत असे सांगितले आहे. रंतिदेवाच्या यज्ञांतील जनावरांच्या कातड्यांच्या राशीतून जी नदी वाहू लागली तिला महाभारताने चर्मण्वती म्हटले. तीच आजची चंबळ, आणि मेघदूतात कालिदासाने मेघाला तिच्यावर आदराने वाकावयास लावले आहे. येथवर सर्व पवित्र! विटाळ सुरू होतो तो गावाच्या शिवेत मेलेल्या बैलाच्या कातड्यापासून, म्हणजे नेमका तेथून, जेथे ते कोणीतरी ओढून नेऊन सोलावे लागते.

यापेक्षाही आम्हांस अधिक नवल वाटले ते दुसऱ्या एका गोष्टीचे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात पूषा या देवतेच्या हातात 'आरा' नावाचे टोकदार हत्यार आहे. इंग्रजीत चांभाराच्या टोच्याला जो 'ऑल' शब्द आहे तो या 'आरा'चाच दूरचा भाऊ, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हा शब्द मराठीत कोठे आहे? पंडितांच्या बोलण्यात तो नाही. तो चांभाराच्या पेटीत आहे. रापीशेजारी पडलेली 'आरी' ती हीच. तसाच दुसरा शब्द 'वर्ध्र', म्हणजे कातड्याची पट्टी. चामड्याच्या वस्तूंसाठी पाणिनीने 'चर्मणोऽञ्' असे एक स्वतंत्र सूत्रच केले आहे आणि त्याचे उदाहरण देताना टीकाकार 'वार्ध्र' हा शब्द देतात. पाठशाळेत हे सूत्र घोकणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल की, पायातल्या चपलेची तुटलेली 'वादी' हा तोच शब्द आहे? मृदंगाच्या आणि तबल्याच्या पुडीला ताणून धरणाऱ्याही वाद्याच. 'उपानह्' म्हणजे वहाण, हे तर सर्वश्रुत आहे. वेदकालापासून चालत आलेले हे शब्द घासूनपुसून, अखंड वापरात ज्यांनी ठेवले त्यांस वेदाचे अक्षर ऐकण्याची मोकळीक नव्हती. भाषेच्या इतिहासात असे विनोद पुष्कळ आढळतात. सगळेच हसण्यासारखे नसतात.

आता पुन्हा मोटेकडे वळू. कारण खानदेश व देश या भागांत कातड्याचा सर्वांत मोठा उपयोग जोड्यांसाठी नव्हे, पाण्यासाठी होता. सातव्या मंडलातील बेडकांच्या सूक्तात कोरड्या तळ्यात पडलेल्या बेडकाला वाळलेल्या 'दृती'ची, म्हणजे कातडी पिशवीची, उपमा दिली आहे. दहाव्या मंडलात विहिरीचे पाणी उपसण्याच्या 'वरत्रा' म्हणजे वाद्यांचे दोर आले आहेत. म्हणजे कातड्याने पाणी काढणे ही विद्या फार जुनी. आमच्याकडची सोंडेची मोट ही त्या विद्येचा मोठा सुबक आविष्कार होती. वरणगावच्या वृद्ध धन्यांनी ती आम्हांस हातवारे करून समजावून दिली. वरचे रुंद तोंड लोखंडी कड्याने ताणलेले. खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती नळी. तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा. तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेला बांधलेली बारीक दोरी ती सोल. ती खालच्या आडव्या लाकडावरून जाते. बैल धावेवरून उतरू लागले म्हणजे दोन्ही दोर बरोबरीने ओढले जातात, सोंड तोंडापर्यंत दुमडलेली राहते आणि पाणी सांडत नाही. मोट चाकाशी पोचली की सोंड थारोळ्यात उतरते व मोट आपोआप रिकामी होते. मग बैल तसेच मागे सरत वर येतात. नाडा व सोल यांच्या लांबीचा हिशेब बोटभर चुकला तर पाणी वाटेतच विहिरीत परत. "तो हिशेब चांभाराचा, सर," ते म्हणाले, "मोट शिवून आणून तो येहेरीवर उभा राहायचा आणि पहिलं पाणी थारोळ्यात पडल्याशिवाय जायचा नाही."

'येहेर' म्हणजे विहीर, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. याच मुलखातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांत ही येहेर आणि मोट ज्या आपलेपणाने आली आहेत ती पुस्तके वाचून येत नाहीत. अलीकडे वर्तमानपत्रांतून राजकीय पक्षांची 'मोट बांधली' असे रोज वाचावयास मिळते, तीत मात्र पाणी नसते. ती मोट म्हणजे गाठोडे; शब्द दिसावयास एक, वस्तू वेगळी.

आम्ही त्यांस विचारले, "मोट शिवणारा तो चांभार तहान लागली तर पाणी कोठे पीत असे?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही वरून ओतायचो." ओंजळीत, वरून. त्याने शिवलेली मोट त्या विहिरीच्या तळापर्यंत दिवसातून शेकडो वेळा बुडत होती; तिच्या पाण्यावर भाजी पिकत होती; थारोळ्याला तोंड लावून घरची मुले पाणी पीत होती. त्याच्या हाताने कमावलेले, शिवलेले, तेल पाजलेले कातडे पाण्याला चालत होते, हात चालत नव्हता. शहरांतून भिस्ती कातड्याच्या पखालीतून घरोघर पाणी घालीत, आणि तेलातुपाचे बुधले कातड्याचेच असत. तेथेही सोय असेल तेव्हा शास्त्राने वाट काढून दिलीच होती. सोयीला शास्त्र असते हे आम्ही समजू शकतो. पण वस्तूला दिलेली सोय माणसाला नाकारावयाची, हे कोणत्या शास्त्रात बसते ते आम्हांस इतक्या वयातही उमगलेले नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत करून घेतला. आणि तो कागदावरून तळ्यावर आणण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडास हजारो लोकांसह ओंजळभर पाणी प्यावे लागले. वरणगावच्या त्या वृद्धांच्या आठवणी महाडनंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

बलुत्याच्या व्यवस्थेत कातड्याला बाजारभाव नव्हता. मेलेले जनावर ओढणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, जोडे, मोटा, आसूड करणे चांभारांकडे आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यात, अशी सर्वसाधारण वाटणी होती. प्रांतोप्रांती तीत फरक असत, आणि कातड्याच्या हक्कावरून तंटेही होत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात गावकीचे चित्र विस्ताराने आले आहे. जिज्ञासूंनी ते मुळातूनच पाहावे. या व्यवस्थेला पहिला धक्का आगगाडीने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात भुसावळ हे लोहमार्गाचे मोठे ठाणे झाले आणि गावच्या कातड्याला मुंबईच्या गोदीपर्यंत वाट मिळाली. दुष्काळात जनावरे मरत तेव्हा परदेशी जाणाऱ्या कातड्यांचे ढीग वाढत. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. कच्चे कातडे स्टेशनाकडे जाऊ लागले आणि गावच्या कमावणाऱ्याला तेच कातडे पैसे मोजून घ्यावे लागू लागले. पुढे मेलेली जनावरे ओढण्याचे काम ठिकठिकाणच्या महारांनी स्वाभिमानाने सोडून दिले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनेही गेली. मोटेचे तसेच झाले. आधी लोखंडी पत्र्याची मोट आली, मग तेलाचे इंजिन, मग वीज. यांपैकी कशाचेही आम्हांस दुःख नाही. बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरचे ओझे उतरले, हे चांगलेच झाले. मोटेवरील गाण्यांची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांनी एक दिवस ती हाकून पाहावी.

राहिला प्रश्न शब्दांचा. 'चर्मकार' आणि 'चांभार' हे दोन शब्द नव्हेत, एकच शब्द आहे. चर्मकार, चम्मआर, चांभार अशी ती साधी उतरण आहे. कुंभकाराचा कुंभार झाला तशीच. पण कुंभार म्हटल्याने कोणी खाली पाहत नाही, आणि चांभार हा शब्द शिवीसारखा फेकला गेला. 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा', 'चांभाराची नजर पायाकडे' अशा म्हणी त्याला चिकटल्या. आता तो समाज स्वतःस चर्मकार म्हणवितो. राज्य शासनाच्या महामंडळाच्या नावातही संत रोहिदासांच्या नावापुढे 'चर्मोद्योग' व 'चर्मकार' हेच शब्द आहेत. आमचे काही भाषाशास्त्री मित्र यावर म्हणतात, शब्द तोच, मग बदलून काय मिळविले? आम्हांस हे म्हणणे पटत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, त्याने पुढे काय सोसले ते सांगत नाही. ज्याच्या अंगावर तो फेकला गेला त्याने तो ठेवावा की टाकावा हे ठरवावे. आम्ही कोशकारांनी फार तर नोंद करावी. रोहिदासांची कथा महीपतीने १७६२ च्या 'भक्तविजया'त सांगितली आहे. चांभाराने शालिग्राम पूजावा काय, चामड्याचा स्पर्श देवाला चालतो काय, हाच तीतला वाद. आणि ती कथा कीर्तनात ज्या मृदंगाच्या साथीने ऐकविली जाते त्याच्या दोन्ही पुड्या कातड्याच्याच असतात.

गंमत अशी की, अपमान व कृतज्ञता या दोन्ही टोकांना मराठी माणूस याच वस्तूकडे वळतो. चामडी लोळविण्याची धमकी द्यावयाची ती कातड्यावरून, आणि उपकार फेडताना 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी थोडे' म्हणावयाचे तेही कातड्यावरूनच. चिक्कू माणसाची चामडी जाते पण दमडी जात नाही. जोतीरावांनी १८८३ साली आपल्या ग्रंथाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिले तेव्हा तो कातड्याच्या वादीचा आसूड कोणाच्या पाठीवर बसत आला आणि आता कोणाच्या पाठीवर बसावयाचा, हे वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागले नसेल.

बाजारातील पाट्यांवर आता यांपैकी एकही शब्द नाही. तेथे 'लेदर' आहे, आणि 'रेक्झिन' आहे. हे दुसरे एका विलायती कृत्रिम कापडाचे व्यापारी नाव. आपण त्याचे सामान्य नाम करून टाकले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीच्या 'प्रादा' या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल मांडली आणि मूळ कोणाचे याविषयी येथे मोठा गवगवा झाला, तेव्हा पेढीला ते मान्य करावे लागले. त्या गवगव्यात कोल्हापूरचे नाव पुष्कळ ऐकू आले. कातडे कमावणाऱ्यांचे फारसे नाही.

वरणगावाहून निघताना आमच्या चपलेची वादी तुटली. बसस्थानकाजवळ एक वृद्ध कारागीर झाडाखाली बसले होते. आम्ही त्यांच्या हातातील हत्याराचे नाव विचारले. "आरी," ते म्हणाले. ते शिवीत होते ती शाळकरी पोराची पिशवी रेक्झिनची होती. आमच्या चपलेला त्यांनी नायलॉनची पट्टी लावली. कातड्याची वादी नाही काय, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी पेटीचा खालचा कप्पा उघडून तळहाताएवढा एक तुकडा काढला, नखाने दाबून दाखविला आणि पुन्हा ठेवून दिला. तो त्यांच्या वडिलांनी कमावलेला होता.